कॅमेऱ्याचा पट्टा

कॅमेरा घेताना घरात आठवडाभर खल होतो. पट्टा मात्र खोक्यातून निघेल तोच गळ्यात पडतो. मोठी लेन्स बसवलेल्या कॅमेऱ्याचे वजन सहज दीड किलो भरते. लग्नघरी किंवा तीर्थाच्या पायऱ्या चढताना हे ओझे अरुंद पट्ट्यावर दिवसभर वागवले, की संध्याकाळी मान धरते. लांब पट्टा खांद्यावरून तिरका घेतल्यास मानेची सुटका होते. ताणला जाणारा रबरी अस्तराचा पट्टा दुकानात हलका भासतो, पण चालताना कॅमेरा हिंदकळतो. त्यापेक्षा गाडीच्या सीटबेल्टसारखी नायलॉनची घट्ट वीण बरी.

जैन कुटुंबाने पट्ट्याची टोकेही निरखावीत. मधला भाग कापडी असला तरी टोकाशी कधी चामड्याचा तुकडा शिवलेला असतो आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. कृत्रिम चामड्यात हिंसेचा प्रश्न नाही. मात्र दमट हवेत त्याचा थर कालांतराने सोलवटतो. भार पेलण्याच्या जागी ते नसलेलेच चांगले.

पट्टा न तुटताही कॅमेरा पडू शकतो, कारण टोक बकलमधून सरकते. म्हणून ते बकलच्या आत परत ओवून चार-पाच सेंटिमीटर शिल्लक ठेवावे. कॅमेऱ्याच्या तळाशी स्क्रूने अडकवायचा पट्टा असेल, तर चालता चालता तो स्क्रू सैल होऊ शकतो. अधूनमधून बोटाने चाचपावा लागतो. वरातीच्या गर्दीत हे कोणाच्या ध्यानात राहणार? घरच्या कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंच्या कड्यांत ओवलेला पट्टाच योग्य. दुकानातच तो बांधून, कॅमेऱ्याखाली हात धरून दोन-चार झटके द्यावेत. जाणता दुकानदार त्याचा राग मानत नाही.