जनुकांचा वाटा किती, व्यवस्थेचा किती?

एकाच घरात, एकाच विषाणूची बाधा होऊन सत्तरीचे आजोबा चार दिवसांच्या तापावर निभावले आणि चाळिशीतला धडधाकट मुलगा अतिदक्षता विभागात पोहोचला, अशी उदाहरणे कोरोनाच्या काळात अनेकांनी पाहिली. वाढते वय, मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार यांमुळे धोका वाढतो, स्त्रियांपेक्षा पुरुषांना तो अधिक असतो, हे साथीच्या पहिल्या काही महिन्यांतच स्पष्ट झाले होते. तरीही या घटकांनी न उलगडणारा काही भाग शिल्लक राहत होता. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी माणसाच्या जनुकांत शोधले. ते काही अंशी सापडलेही. मात्र त्या उत्तराचा जो अर्थ आपल्याकडे रुजला, तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

जून २०२० मध्ये इटली आणि स्पेनमधील १,९८० गंभीर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी व्यक्तींच्या डीएनएशी तुलना करता दोन ठिकाणी ठळक फरक आढळला. एक रक्तगट ठरवणाऱ्या जनुकापाशी आणि दुसरा, अधिक प्रभावी, तिसऱ्या गुणसूत्रावर. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो यांनी दाखवून दिले की तिसऱ्या गुणसूत्रावरील सुमारे ५० हजार अक्षरांचा हा तुकडा निअँडरथल मानवाकडून आपल्याकडे आलेला आहे. क्रोएशियातील विंडिया गुहेत सापडलेल्या निअँडरथलच्या अवशेषांत तो जवळपास तसाच आढळतो. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत तो आहे, दक्षिण आशियात मात्र जवळजवळ निम्म्या लोकांत. पूर्व आशियात आणि आफ्रिकेत तो नसल्यातच जमा आहे. लुप्त मानववंशांच्या जनुकांवरील संशोधनासाठी पाबो यांना २०२२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

‘निम्म्या दक्षिण आशियात’ हे शब्द वाचताच ‘भारतीयांची जनुकेच कमकुवत’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते आणि तो काढलाही गेला. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये मांडल्याप्रमाणे हा तुकडा श्वसनसंस्था निकामी होण्याचा धोका साधारण दुप्पट करतो. दुप्पट हा शब्द मोठा वाटतो. पण मुळात अत्यल्प असलेला धोका दुप्पट झाला तरी अल्पच राहतो. पंचविशीतल्या तरुणाच्या तुलनेत सत्तरीतल्या व्यक्तीचा धोका मात्र कित्येक पटींनी अधिक असतो. याच संशोधनानुसार या तुकड्याचा परिणाम प्रतिकारशक्तीवर नव्हे, तर फुप्फुसाच्या अस्तरातील पेशींवर होतो. विषाणूला अटकाव करण्यासाठी या पेशींनी जो बदल करायचा, त्यात तो अडथळा आणतो. म्हणजेच लसीचा लाभ अशा व्यक्तींनाही इतरांइतकाच मिळायला हवा.

दुसरी बाजूही आहे. बाराव्या गुणसूत्रावरील निअँडरथलांचाच आणखी एक वारसा उलट संरक्षण देतो आणि अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो, असे पाबो व झेबर्ग यांनीच २०२१ मध्ये दाखवले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारस्वामी थंगराज आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे ज्ञानेश्वर चौबे यांच्या गटाने त्याच वर्षी दक्षिण आशियातील जनुकीय माहिती आणि येथील संसर्ग व मृत्यूंचे प्रमाण तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर ताडून पाहिले. युरोपात निर्णायक ठरलेल्या तिसऱ्या गुणसूत्रावरील तुकड्याशी त्यांचा मेळ बसला नाही. युरोपीय रुग्णांवरून काढलेला नियम येथे जसाच्या तसा लागू होतो असे गृहीत धरता येत नाही, हा त्याचा अर्थ.

मग जनुकांच्या या संशोधनाचा उपयोग काय? उपयोग निश्चित आहे. पण तो कोणत्या समाजाला दुबळे ठरवण्यात नाही, उपचार शोधण्यात आहे. नेदरलँड्समधील दोन कुटुंबांतील चार तरुण पुरुष गंभीर आजारी पडले, तेव्हा त्यांच्या एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात दोष सापडला. त्यामुळे विषाणूविरुद्ध शरीराचे पहिले शस्त्र असलेले इंटरफेरॉन पुरेसे तयार होत नव्हते. पुरुषांत एक्स गुणसूत्र एकच असल्याने असा दोष झाकला जात नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आढळले की गंभीर रुग्णांपैकी किमान १० टक्क्यांचे शरीर स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत होते. ब्रिटनमधील २०८ अतिदक्षता विभागांतल्या २,२४४ रुग्णांच्या अभ्यासात दाह वाढवणाऱ्या एका जनुकाकडे बोट दाखवले गेले आणि त्यावर काम करणारे संधिवाताचे बॅरिसिटिनिब हे औषध चाचणीसाठी पुढे आले. २०२२ मध्ये ब्रिटनच्याच ‘रिकव्हरी’ चाचणीत या औषधाने रुग्णालयात दाखल रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

जनुके एका व्यक्तीचा धोका दुसरीपेक्षा अधिक का, हे काही प्रमाणात सांगू शकतात. एखाद्या राज्यात एका विशिष्ट महिन्यात मृत्यू का वाढले, हे ती सांगू शकत नाहीत. गोमंतकीयांची जनुके जानेवारी २०२१ मध्ये होती तीच मे महिन्यातही होती. बदलला तो विषाणू, वाढली ती रुग्णसंख्या आणि तिच्या भाराखाली वाकली ती व्यवस्था. ११ मे २०२१ रोजी पहाटेच्या चार तासांत बांबोळीच्या गोमेकॉत २६ रुग्ण दगावले, ही माहिती सरकारनेच दिली होती. प्राणवायूच्या सिलिंडरांच्या ट्रॉली ट्रॅक्टरने ओढून आणून जोडताना अडचणी येतात, असे तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे सांगण्यात आले आणि प्राणवायूअभावी यापुढे कोणाचा जीव जाऊ नये, असे न्यायालयाला बजावावे लागले. या पहाटेचे स्पष्टीकरण कोणत्याही गुणसूत्रावर सापडणार नाही.

म्हणूनच ‘आपली जनुकेच तशी’ हे विधान केवळ अवैज्ञानिक नाही, तर सोयीचेही आहे. जे बदलता येत नाही त्यावर दोष टाकला की जे बदलता येते त्याचा हिशेब कोणी मागत नाही. लोकांनाही त्यात एक खोटा दिलासा मिळतो किंवा अकारण भीती. सर्वसामान्य नागरिकाने कोरोनाचा धोका जाणण्यासाठी जनुकीय चाचणी करून घेण्याची गरज नाही. वय आणि सोबतचे आजार यांवरून डॉक्टरांना त्याहून अधिक उपयुक्त अंदाज बांधता येतो.

संशोधन अर्थातच थांबता कामा नये. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जनुकीय अनुक्रम जानेवारी २०२५ मध्ये अभ्यासकांना खुले केले. युरोपीय मापाने भारतीय शरीर मोजण्याची अपरिहार्यता त्यामुळे कमी होईल. पण त्याच वेळी राज्याने आपल्या वाट्याचा प्रश्नही टाळू नये. त्या काळात दगावलेल्या रुग्णांपैकी किती जण उशिरा दाखल झाले, किती जणांना खाट मिळाली नाही, कितींच्या बाबतीत प्राणवायूचा दाब कमी पडला, याचा तपशीलवार लेखाजोखा गोमंतकीयांसमोर यायला हवा. प्राणवायूच्या यंत्रणेची नियमित तपासणी होते की नाही, हेही जाहीर व्हायला हवे. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे सांगता येत नाही. मात्र त्या वेळी पहाटे दोन वाजता रुग्णालयात काय उपलब्ध असेल, हे आजच ठरवता येते.