बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वॉन्टेज गावी झाला. ख्रिस्त मात्र आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी गवसला, असं त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त आला नव्हता, असं त्या म्हणतात. मंडळीत लहानाची मोठी झालेली कोणीही हे वाचून थबकेल. आम्हाला शिकवलेला क्रम वेगळा असतो. आधी विश्वास, मग कबुली, मग पाणी. रमाबाईंच्या बाबतीत तो क्रम उलटा झाला आणि त्यांनी ते लपवलं नाही. मधल्या काळात आपल्याला काय पटलं आहे आणि काय पटत नाही, हे त्या विचारणाऱ्यांना पत्रांतून सांगत राहिल्या.

ती पत्रं सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती इंग्रजीत प्रसिद्ध केली, संपादक अ. भि. शहा. जेराल्डीन वॉन्टेजच्या मठातल्या, रमाबाईंना धर्माच्या वाटेवर आईसारख्या. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात. परक्या देशात पंचविशीतली विधवा, पदरी मनोरमा ही लहान मुलगी, सोबत आलेल्या मैत्रिणीचा त्याच वर्षी झालेला मृत्यू, आणि राहण्या-शिकण्याचा आधार याच मठाचा. असं असताना रमाबाई या आजीबाईंना कळवतात की त्रैक्याचा सिद्धान्त मला शास्त्रात सापडत नाही. येशू देवाने पाठवलेला आहे हे मान्य, पण तो पित्याच्या बरोबरीचा देव आहे असं मी आज म्हणू शकत नाही. त्याच्या जन्माच्या चमत्काराविषयीही त्यांना शंका होती. आजीबाईंना हा गर्व वाटला, अवज्ञा वाटली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांना तसं वाटलं नाही. या बाईला प्रश्न विचारू द्यावेत, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्या स्वतः रमाबाईंशी पत्रांतून चर्चा करत राहिल्या. मला या साऱ्या प्रकरणात बीलबाईंविषयी फार आदर वाटतो.

१८८५ सालच्या एका पत्रात रमाबाई म्हणतात की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे. आता दुसऱ्या धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा समजून तसलंच जोखड पुन्हा घेणार नाही. या ओळींमागचं आयुष्य ठाऊक असलं की त्यांचं वजन कळतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरले. शास्त्रांत सांगितलेलं दान, व्रत, उपवास, पारायण, काही म्हणता काही करायचं राहिलं नाही. जवळचं सगळं त्यात गेलं, आणि आई, वडील, थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने एकामागून एक गेली. सांगितलं ते सगळं मानलं, त्याची किंमत रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिली होती. अशा बाईला ‘चर्च सांगतं म्हणून मान’ हे कोण आणि कसं सांगणार?

मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला तरी का? त्याचं उत्तर दोन पुस्तकांत आणि एका घरात आहे. सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान बंगालीत मिळालं आणि ते आवडलं. पुढे इंग्लंडमध्ये मठाच्या बहिणींनी त्यांना फुलहॅमला नेलं. समाजाने वाईट चालीच्या ठरवून टाकून दिलेल्या बायकांसाठी तिथे एक घर होतं. त्या बायकांशी बहिणी ज्या मायेने वागत होत्या तसं वागलेलं रमाबाईंनी कुठे पाहिलं नव्हतं. अशा बायकांना काय शिक्षा करावी हे त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत होतं. त्यांना पुन्हा उभं करावं असं काही नव्हतं. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर एका बहिणीने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी विहिरीवर आलेली शमरोनी बाई आणि तिच्याशी बोलत बसलेला येशू. रमाबाई तिथे वळल्या. त्रैक्य, मतांगीकार म्हणजे मंडळीत म्हणायची विश्वासाची कबुली, धर्मगुरूंचा अधिकार हे सगळं नंतरचं आणि पुष्कळसं अनिर्णित. पण टाकलेल्या बाईशी असं बोलणारा हा जो कोणी आहे, त्याच्या बाजूला आपण उभं राहायचं, एवढं पक्कं झालं.

उरलेलं १८९१ च्या सुमारास घडलं. तेव्हा रमाबाई भारतात परतून पुण्यात शारदा सदन ही विधवांची शाळा चालवत होत्या. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. पाळक होऊन उपदेश करू लागल्यानंतर पुष्कळ काळाने तो स्वतः विश्वासात आला, ही त्याची हकीकत. ती वाचताना त्यांना आपलीच जागा दिसली. बुद्धीने स्वीकारलेलं आणि जिवाने स्वीकारलेलं यांच्यातलं अंतर तिथे मिटलं. येशू आपला तारणारा आहे, हे पुढे त्यांनी जन्मभर म्हटलं आणि त्या म्हणण्यावर केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं. तिथल्या कृपासदनात फुलहॅमसारख्याच टाकलेल्या बायका होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापलं गेलं आणि १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पुरं झालं.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी भाची. ती यंदा आमच्या मंडळीत दृढीकरणाच्या वर्गाला बसते आहे. परवा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, “मावशी, मतांगीकारातली एक ओळ मला अजून पटलेली नाही. त्या ओळीपुरती मी गप्प राहिले तर चालेल का?” कोणती ओळ ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी म्हटलं, “गप्प राहा. पण पाळकसाहेबांना आधी सांगून गप्प राहा.” तिला ते जरा अवघड वाटलं. मग मी रमाबाईंच्या पत्रांचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

तिच्या वयात ही सोय मला कोणी दिली नव्हती, आणि मागावी असंही मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे प्रश्न पाठ, उत्तरं पाठ. येशू कोण? देवाचा एकुलता एक पुत्र. कशासाठी आला? पापी लोकांना तारायला. उत्तरं खोटी नव्हती, पण माझी नव्हती. शिवाय नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात आणखी एक गोष्ट पाठ असते, ती बाहेरचे शिकवतात: तुमचे वाडवडील भाकरीसाठी बाटले. १८७६-७७ आणि पुन्हा १८९६ नंतरच्या दुष्काळांत आमच्याकडची महार-मांग समाजातली पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांत माझे पणजोबा. रमाबाईंनी आपला निर्णय पत्रांत लिहिला, नारायण वामन टिळकांच्या घरातला निर्णय लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिला. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षं लागली, आणि ती कशी गेली ते सगळं आपण वाचू शकतो. पणजोबांना लिहिता येत नव्हतं. येशूविषयी त्यांचं मत काय होतं, हे त्यांना कोणी विचारलं नसावं. विचारलं असलं तरी टिपून ठेवलं नाही.

मला मात्र त्यांच्या निर्णयाला कमी लेखवत नाही. चारही शुभवर्तमानांत पाच हजारांना जेवू घालण्याची गोष्ट आहे. त्या रानात बसलेल्या लोकांना येशूने पानावर वाढण्याआधी, मी कोण असं तुम्हाला वाटतं, म्हणून विचारलं नाही. भुकेच्या वेळी ज्याच्या नावाने भाकरी मिळाली त्याला आपला म्हणणं, यात लाजेचं काय आहे? आणि भाकरीच हवी होती तर दुष्काळ सरल्यावर परतायची वाट मोकळी होती. नातेवाइकांनी टाकलं, गावकीची कामं सुटली, तरी पणजोबा परतले नाहीत. घरात त्यांची एकच आठवण आजीकडून आली आहे. पाणवठ्यावर त्यांना ओंजळ धरून उभं राहावं लागे आणि वरून कोणी धार धरेल तेव्हा प्यायचं. मग एका प्रार्थनेत उपदेशकाने शमरोनी बाईची गोष्ट सांगितली. यहुदी माणूस शमरोन्याच्या भांड्याला हात लावत नसे, आणि येशू तिच्याच घागरीतलं पाणी मागतो. पणजोबा पुन्हा पुन्हा विचारत राहिले म्हणे, त्याने खरंच मागितलं का? मागून प्यायला का? फुलहॅमला संस्कृत पंडितेला वाचून दाखवलेला तोच हा अध्याय. दोघांनाही त्यात एकच माणूस दिसला. पणजोबांना त्याच्यापर्यंत पोचायला त्रैक्याची चर्चा लागली नाही. रमाबाईंना ती केल्यावाचून पुढे जाता आलं नसतं.

आता माझं उत्तर. मी येशूला प्रभू म्हणते, ते गेथशेमाने बागेतल्या रात्रीमुळे. तो घाबरला होता, मित्रांनो जागे राहा म्हणून विनवत होता, हे दुःख टळलं तर टाळ असं बापाला मागत होता. आपल्या देवाला मोठं करण्यासाठी कोणी गोष्ट रचली असती, तर हा प्रसंग त्याने गाळला असता. हकीकत लिहिणाऱ्यांनी तो ठेवला. भ्यालेला आणि तरी न पळालेला हा माणूस मला देवाजवळचा सगळ्यांत विश्वासू साक्षीदार वाटतो, आणि त्याने दाखवला तसाच देव आहे, यावर मी माझं आयुष्य टाकलं आहे. तो पुन्हा उठला, हेही मी मानते. बायकांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती, तरी चारही शुभवर्तमानं रिकाम्या कबरीकडे आधी बायकांनाच पाठवतात. आणि मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर त्या भिऊन पळतात तिथेच गोष्ट संपते. तो कसा उठला हे मला समजावून सांगता येणार नाही. कुमारीच्या पोटी जन्माची ओळ मी म्हणते, पण माझा विश्वास तिच्यावर उभा नाही. मार्कमध्ये ती हकीकत नाहीच. तारण म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर सांगते की माझ्या हातून झालेल्या वाइटासकट देवापुढे मला उभं राहता येतं, आणि तिथे कोणी मला ओंजळ धरायला सांगत नाही.

येशूला मानत नाही त्याचं तारण नाही, हे मात्र मी म्हणत नाही. आमच्या पुष्कळ पाळकांशी याबाबतीत माझं जुळत नाही. जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवलं, आणि रमाबाईंच्या धर्मांतरावर सगळे तुटून पडले तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सार’ लिहून त्यांची बाजू घेतली. विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केलं आणि ते आपल्या जागी राहिले. त्यांनी दिलेली उत्तरं माझी नाहीत, पण ती कष्टाने मिळवलेली आहेत. अशा माणसांना दाराबाहेर ठेवणारा येशू मला शुभवर्तमानात कुठे भेटलेला नाही.

दृढीकरणाचे वर्ग घेणाऱ्या पाळकांना माझी एक विनंती आहे. शेवटच्या आठवड्यात उत्तरांची उजळणी करून घेता, त्याऐवजी एक संध्याकाळ मुलांना कोरे कागद द्या. येशूविषयी मला आज काय पटतं, काय पटत नाही, एवढं त्यांना लिहू द्या. कागदावर नाव नको, तपासणं नको. त्याआधी रमाबाईंची १८८५ ची दोन-तीन पत्रं मराठीत करून त्यांना वाचून दाखवा. एखाद्याने लिहिलं की मला अजून वेळ हवा, तर त्याला तो द्या. पुढच्या वर्षी त्याचं नाव पुन्हा यादीत घाला, आणि त्याच्या आईवडिलांना सांगा की मूल बिघडलेलं नाही.