हप्ता घ्यावा, पण भरपाईची पावती देऊ नये

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. विवाह हा मूलभूत हक्क नव्हे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. विवाहाऐवजी अशा सहजीवनाला निराळी कायदेशीर मान्यता असावी काय, यावर मात्र मतभेद झाले आणि तीन विरुद्ध दोन मतांनी तीही मागणी फेटाळली गेली. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकांचाही निकाल तोच लागला.

मध्यंतरी, २०२४ साली, केंद्र सरकारने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि काही सवलती जाहीर केल्या. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, संयुक्त बँक खाते आणि खात्यावरील नामनिर्देशन यांस आडकाठी नसावी, निकटचे नातलग नसल्यास जोडीदाराला पार्थिवाचा ताबा मागता यावा, असे त्यांचे स्वरूप आहे. प्रश्न असा की, हे पदरात पाडून घ्यावे, की समान हक्क मिळेपर्यंत नाकारावे?

नाकारा म्हणणाऱ्यांची शंका पोकळ नाही. अर्ध्यावर समाधान मानले की उरलेले अर्धे कायमचे हुकते, अशी त्यांची भीती आहे. इटलीने २०१६ साली नागरी सहजीवनाचा कायदा केला. विवाहाचा हक्क तेथे अद्याप नाही. उलट डेन्मार्कने १९८९ साली नोंदणीकृत सहजीवन मान्य केले आणि २०१२ साली विवाहाचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्यानंतर २०१३ चा कायदा आला. तडजोड ही पायरी ठरते की मुक्कामाचे ठिकाण, हे तडजोडीवर नव्हे, तर तिच्यानंतर मागणी जिवंत राहते की नाही, यावर अवलंबून असते.

शिवाय वाट पाहण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. सधन जोडपे वकिलाकडून मृत्युपत्र करून घेईल, दोघांच्या नावे घर घेईल. बुवापाड्यात भाड्याच्या खोलीत संसार करणाऱ्या दोघांना शिधापत्रिकेवरील नाव हीच मोठी गोष्ट असते. तत्त्वाच्या शुद्धतेसाठी त्यांनी ती सोडावी, असे सांगण्याचा अधिकार ज्यांना तिची गरज नाही त्यांना पोचत नाही.

मात्र परिपत्रकाने दिलेले परिपत्रकानेच काढून घेता येते. कुटुंबनिवृत्तिवेतन आणि वारसाहक्क यांची व्यवस्था तर अजूनही विवाहाच्या नात्यावरच उभी आहे. म्हणून कायद्याची मागणी क्षणभरही सैल होता कामा नये. १९१९ च्या सुधारणा कायद्याबाबत लोकमान्य टिळकांनी प्रतियोगी सहकारितेचे धोरण मांडले, त्याचे मर्म हेच होते: सुधारणा अपुऱ्या आहेत हे बजावायचे, मिळाले ते राबवायचे आणि उरलेल्यासाठी झगडत राहायचे.

तडजोड वेगाबाबत करता येते, हक्काबाबत नाही. येणे रकमेचा हप्ता खुशाल घ्यावा. पण त्यावर ‘पूर्ण रक्कम पोचली’ अशी सही करू नये.