माशीला एक न्याय, मक्याला दुसरा?

१ मे २०१४. देवगड-कुंभारमाठच्या बागांतून हापूसच्या पेट्या निघण्याचा ऐन हंगाम आणि त्याच दिवशी युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले. कारण फळमाशी! बंदी उठवण्याचा निर्णय व्हायला पुढचा जानेवारी उजाडला. युरोपसाठी तो हंगाम बुडाला तो बुडालाच. अमेरिकेने तर कीटकांचेच कारण पुढे करून २००७ पर्यंत आपला आंबा वेशीबाहेर ठेवला आणि मग किरणप्रक्रियेच्या अटीवर आत घेतला.

या अडवणुकीला कायद्याचा आधार आहे. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासूनचा आरोग्यविषयक करार प्रत्येक देशाला आपली शेती व प्रजेचे आरोग्य राखण्याचा अधिकार देतो. मात्र निर्बंधामागे शास्त्रीय जोखीम-परीक्षण हवे. विज्ञानच जिथे अनिश्चित आहे, तिथे तात्पुरती मनाई करता येते. पण ती करणाऱ्याने पुरावा गोळा करीत राहिले पाहिजे.

मग हाच अधिकार भारताने वापरला तर बिघडले कुठे? मका, सफरचंद आदी २४ पिकांच्या आयातीसाठी 'जनुकीय बदल केलेले नाही' असा दाखला १ मार्च २०२१ पासून सक्तीचा झाला, तेव्हा अमेरिकेने संघटनेत हरकत घेतली. माशीची भीती शास्त्रीय आणि जनुकाची भीती तेवढी अडाणी, हा युक्तिवाद कोकणी माणसाच्या गळी उतरणे कठीण.

परंतु केवळ संतापाने खटले जिंकता येत नाहीत. २००६ साली जनुकीय पिकांच्या वादात युरोप हरला. ही पिके सुरक्षित आहेत की नाहीत, यावर न्यायमंडळाने मत दिलेच नाही; निर्णयाला लावलेला विलंब आणि परीक्षणाचा आधार नसलेली बंदी, एवढ्यावरच ठपका ठेवला. आपलीही गत निराळी नाही. बर्ड फ्लूच्या कारणावरून अमेरिकी कोंबडी रोखण्याचा खटला भारत २०१५ साली हरला, कारण जोखीम-परीक्षण केलेलेच नव्हते! सरकार कोणाचे, हा प्रश्न येथे गौण आहे. ही बंदी २००७ पासूनची होती.

आणखी एक अडचण आपणच निर्माण करून ठेवली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी जनुकीय सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी देण्यात आली. त्यासाठी न्हावाशेवा बंदर खुले झाले. पेंडीत सजीव बी नसते, हे खरे. तरीही उद्या मक्याचा खटला उभा राहिला, तर प्रतिपक्षाचा वकील पहिला कागद काढील तो न्हावाशेव्याचा. त्यावर ठेवायला आपल्या कृषी विद्यापीठांचे, आपल्या मातीतले परीक्षण हवे आणि त्याची सुरुवात खटल्यापूर्वी काही वर्षे व्हावी लागते.