स्मृतीचा वेग आणि सचोटी

वरच्या वर्गांतील काही विद्यार्थी सोलापुराहून सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवितात, याचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु रॅम, म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृती, निवडताना खोक्यावरील मोठ्या आकड्यास भुलणे आम्हांस पसंत नाही. (आमच्या कोकणीत स्मृतीला ‘उगडास’ म्हणतात, तो त्वरित होण्यापेक्षा खरा असावा!)

डीडीआर-४ जातीच्या पट्टीचा प्रमाण वेग ३२०० पर्यंतच आहे. ३६०० लिहिलेली पट्टी त्या वेगाने चालविणे हे ओव्हरक्लॉकिंगच होय, आणि ते प्रोसेसर व मदरबोर्ड यांनाही पेलावे लागते. शिवाय ३२०० ची १६ आवर्तनांची आणि ३६०० ची १८ आवर्तनांची पट्टी, दोहोंचा प्रतीक्षाकाल १० नॅनोसेकंदच भरतो. माहितीची वाहतूक थोडी वाढते, इतकेच.

स्मृती बिघडली तरी ओरडत नाही. द्विमान पद्धतीत ३५ म्हणजे १०००११. त्यांतील पहिल्या १ चा ० झाला, की उत्तीर्ण मुलाच्या पदरी ३ गुण! गेल्या वैशाखात वेगाच्या हव्यासापायी आम्हीच घरी वार्षिक गुणतक्ता बिघडवून घेतला. हस्तलिखित प्रत होती म्हणून निभावले. उष्णतेने स्मृतीतील विद्युत्भार लवकर गळतो, आणि मादन हिप्परग्याचा उन्हाळा कोणास ठाऊक नाही?

म्हणून एकाच खोक्यातील ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. वेग वाढवायचाच, तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे, तेही ऐन उन्हाळ्यात. एक जरी चूक निघाली, तरी वेग खाली आणावा.