यादीत न लिहिलेले मागणे

पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आलेला 'नाताळ' हा शब्द आपण इतका आपलासा करून घेतला आहे की, तो परका वाटत नाही. सणाचेही तसेच. डिसेंबर उजाडला की हिंदूंच्या घरांतही कागदी चांदणी लुकलुकू लागते, शाळांतून लाल टोपी घातलेले आजोबा अवतरतात आणि मुले आपल्या मागण्यांची यादी करण्यास बसतात. अलीकडे तर ही यादी मुलांपुरती उरलेली नाही. घरातील प्रत्येकाने आपल्याला काय हवे ते लिहून द्यावे आणि दुसऱ्याने त्यातून निवडून आणावे, अशी पाश्चात्त्य कुटुंबांतील रीत आपल्याकडील सुस्थितीतील घरांतही रुजू पाहत आहे. ही रीत आपली नव्हे म्हणून तिच्यावर टीकेची झोड उठवावी, असे आम्हांस वाटत नाही. मात्र या यादीत काय लिहिले जाते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय लिहिले जात नाही, याचा विचार करण्यास हा काळ योग्य आहे.

यादीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. लग्नामुंजीत आलेली एकाच नमुन्याची पाच घड्याळे आणि कधीही न वापरलेली काचेची भांडी कोणाच्या कपाटात नाहीत? जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. भेट घेणाऱ्याच्या मते तिचे जे मोल होते, ते ती आणण्यास पडलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरत होते. देणाऱ्याचा पैसा गेला आणि घेणाऱ्याच्या पदरी तेवढे पडले नाही, असा त्याचा सरळ अर्थ. यादी असेल तर हा तोटा टळतो. संकोच सोडून हवे ते मागावे, यात प्रामाणिकपणाही आहे.

आपल्या गोव्यात याद्या नव्हत्या, ताटे होती. चवथीच्या नेवऱ्या आणि दिवाळीचे पोहे ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जात; नाताळात त्याच्याकडून दोदोल, बिबिंक आणि दोस यांचे कोन्सुआदचे ताट येई. ताटात काय असावे हे कोणी कोणास सांगत नसे. ते आले, एवढेच पुरे असे. पण जुने ते सारेच सोने होते, असेही समजण्याचे कारण नाही. लेकीच्या सासरी पाठवायच्या चवथीच्या वज्याची यादी कोणी लिहीत नसले तरी ती सर्वांस तोंडपाठ असे, आणि त्या अलिखित यादीने कित्येक माहेरांचे कंबरडे मोडले. तेव्हा यादी लिहावी की न लिहावी, हा खरा प्रश्न नव्हे. मागण्याचा हक्क कोणास आहे आणि देण्याचा भार कोणावर पडतो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस समुद्रापासून दूर असलेल्या एका गावाची आठवण होते. ते गाव म्हणजे बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावरील हे तालुक्याचे ठिकाण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा तेथील बाजारात कानी पडतात. वीरभद्रेश्वराची जत्रा हा गावाचा मोठा सोहळा. याच बीदर भागात अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या कार्यातून उभा राहिलेला ख्रिस्ती समाजही आहे. त्यातील बहुसंख्य कुटुंबे दलित जातींतून आलेली, शेतमजुरी आणि लहानसहान नोकऱ्यांवर जगणारी. त्यांच्या घरी नाताळ येतो तेव्हा त्याच पंचक्रोशीत दत्तजयंतीचीही गडबड असते. कारण हुमनाबादेला लागूनच श्रीमाणिकप्रभूंचे माणिकनगर आहे. २०२३ साली तर नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दत्तजयंती आली होती.

माणिकप्रभूंचा जन्म १८१७ सालच्या दत्तजयंतीचा, बसवकल्याणजवळील लाडवंतीचा. समाधी १८६५ ची. सर्व मतांचा आदर करणारा सकलमत संप्रदाय त्यांनी स्थापिला. मराठीत, कन्नडात आणि हिंदीत पदे रचली. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांच्या दरबारात येत. भक्तांनी जे अर्पण करावे ते प्रभूंनी येणाऱ्याजाणाऱ्यांस वाटून टाकावे, अशी त्यांची ख्याती होती, आणि दत्तजयंतीच्या उत्सवातील दक्षिणा दरबाराने ती परंपरा पुढे चालविली आहे. या दरबाराचा विशेष असा की, तेथे मागणाऱ्यास आपली यादी वाचून दाखवावी लागत नाही. ओंजळ पुढे येते, तीत काही पडते, आणि माणूस मान खाली न घालता बाहेर पडतो.

लाल टोपीच्या आजोबांचे मूळही असेच आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मायरा नगरीचे संत निकोलस यांची जी कथा ख्रिस्ती परंपरा सांगते, तीत खेळणी नाहीत. तीन मुलींच्या लग्नास पैसा नसलेल्या एका निर्धन बापाच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी ती कथा आहे. त्या बापाने मागितले नव्हते. संतांनी ओळखले होते. आणि घेणारा ओशाळू नये म्हणून देणाऱ्याने आपले नाव लपविले होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे. मायरा आणि माणिकनगर यांच्यात हजारो कोसांचे अंतर असले तरी दोन्हीकडचा धडा हाच आहे.

आता त्या हुमनाबादेतील साध्या घरांकडे पाहू. मग ते घर नाताळचे असो वा दत्तजयंतीचे. हा कोरडवाहू तुरीचा मुलूख आहे. पाऊस हुकला की घरातील कर्ता माणूस हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतो. काही जण इकडे किनाऱ्यावरही उतरतात. २०१७ साली बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाला आणि प्रवास थोडा सुकर झाला. जाण्याची गरज मात्र संपली नाही. सण जवळ आला की दूरध्वनीवरून घरची यादी जाते. मुलाला बूट, मुलीला नवा झगा, म्हातारीला शाल. यादी वाढते तसा दूर राहणारा माणूस मनातल्या मनात दिवसांची गणती करतो. यातील प्रत्येक वस्तू म्हणजे त्याची काही दिवसांची मजुरी असते, आणि ती सारी पुरी करायची तर सणाच्या दिवसांतही कामावर उभे राहावे लागते. म्हणजे यादी पुरी होते आणि माणूस येत नाही. घरच्यांना विचाराल तर यादीच्या शेवटी लिहायचे राहून गेलेले मागणे एकच असते. तो घरी यावा, आणि येताना त्याची मजुरी त्याच्या हाती असावी.

हे मागणे पुरे करणे अनेकदा त्या माणसाच्या हाती नसते. ते त्याच्या धन्याच्या हाती असते, आणि येथे हा विषय आपल्या दारात येऊन उभा राहतो. उत्तर कर्नाटकातून आलेल्या हातांवाचून आपल्या गोव्यातील एक इमारत उभी राहत नाही की एक उपाहारगृह चालत नाही. त्यांना आपण कोणत्या तुच्छतेच्या शब्दाने हाक मारतो, ते येथे लिहिण्याचीही आम्हांस लाज वाटते. डिसेंबर हा आपल्या पर्यटनाचा भर. ज्या दिवसांत जगातील लोक कुटुंबासह सण साजरा करण्यास आपल्याकडे येतात, त्याच दिवसांत त्यांची सरबराई करणाऱ्यांना रजा नाकारली जाते. अनेकांचा पगार 'हंगाम संपल्यावर एकदम' या आश्वासनावर अडकलेला असतो. पगार हातात नाही म्हणून घरी जाता येत नाही, आणि घरी गेलो तर पगार बुडेल ही धास्ती. या पेचास व्यवहार म्हणण्यास आम्ही तयार नाही.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात प्रवासभत्त्याची तरतूद होती. त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. दहा किंवा अधिक आंतरराज्य स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनाने अशा कामगारास वर्षातून एकदा मूळ गावी जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, असे तीत म्हटले आहे. ठेकेदारामार्फत न येता स्वतःहून आलेला कामगारही, ठरलेल्या वेतनमर्यादेत असल्यास, तीत धरला आहे. म्हणजे घरी जाण्याचे भाडे ही धन्याने उदार होऊन द्यावयाची भेट नव्हे. तो कामगाराचा हक्क आहे. हा हक्क किती कामगारांच्या कानी गेला आहे आणि किती धन्यांच्या हिशेबवहीत त्याची नोंद आहे, याची तपासणी कामगार खात्याने हंगामातच केली पाहिजे. हंगाम सरल्यावर केलेली तपासणी म्हणजे वरात गेल्यावर वाजविलेले ताशे.

तथापि कायद्याचा हात सर्वत्र पोहोचत नाही. आपल्या घरी भांडी घासणारी बाई, बंगल्याच्या फाटकावरील राखणदार, दोनचार माणसांवर चालणाऱ्या दुकानातील पोऱ्या हे या तरतुदीच्या बाहेरच राहतात. तेथे कायद्याचे काम रीतीने केले पाहिजे, आणि रीत घालून देणे आपल्या हाती आहे. नाताळात वा दिवाळीत जुनी साडी आणि मिठाईचा पुडा त्या बाईच्या हातावर ठेवून आपण स्वतःस उदार समजतो. तिने मागितले नसते, आणि आपण विचारलेलेही नसते. त्याऐवजी सणापूर्वी महिन्याचा पूर्ण पगार, चार दिवसांची पगारी रजा आणि गावच्या गाडीचे भाडे एवढे दिले तर त्या भेटीचे मोल दहा टक्क्यांनीही घटणार नाही.

हे सांगताना आमच्या वाचकांना परके असे काही आम्ही सांगत नाही. गोव्यातील किती घरांचा मुलगा आखातात वा जहाजावर आहे! तो यायचा म्हटले की गणगोताची यादी त्याच्याकडे जाते, आणि सर्वांसाठी सामान घेताघेता त्याची सुट्टी येथे पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडते. 'तुला काय हवे?' हे त्याला विचारणारे माणूस घरात क्वचितच असते. हुमनाबादचा गवंडी आणि आखातातील आपला मुलगा यांचे दुःख एकाच जातीचे आहे. फरक एवढाच की, एकाचे आपल्याला कळते आणि दुसऱ्याचे कळून घेण्याची आपण तसदी घेत नाही.

मुलांनी याद्या खुशाल लिहाव्यात. त्यांच्या हट्टांत सणाची शोभा आहे. मोठ्यांनी मात्र ती यादी हाती घेताना पानाच्या खाली एक ओळ कोरी सोडावी. ज्याला लिहिता येत नाही, ज्याला मागण्याचा धीर होत नाही आणि ज्याच्या घामावर आपला सण उभा आहे, अशा एका माणसाचे नाव तेथे घालावे, आणि त्याला काय हवे हे त्यालाच विचारावे. बहुधा तो भेट मागणार नाही. आपलाच पगार मागेल आणि घरी जाण्याची परवानगी मागेल. ते देणे आपल्या ऐपतीत आहे, आणि आपले कर्तव्यही आहे.