शिमोन कुठे आहे?

"तिने आपला क्रूस आनंदाने वाहिला." कर्करोगाने गेलेल्या रुग्णाच्या पत्नीविषयी हे वाक्य अंत्यविधीच्या प्रवचनात मीही अनेकदा उच्चारले आहे. आता ते उच्चारवत नाही. अखेरच्या अवस्थेतील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे ती माउली महिनोन्महिने सलग दोन तासही झोपलेली नसते. आणि आपण? सायंकाळी घोळक्याने जातो, जपमाळ म्हणतो, चहा घेतो (तोही तिनेच केलेला!) आणि तिच्या सहनशीलतेचे गोडवे गात घरी परततो. त्या स्तुतीआड आपण दडतो.

प्रभूनेही क्रूस एकट्याने वाहिला नाही. क्रूसाच्या वाटेवरील पाचव्या स्थानी आपण दर उपवासकाळात गुडघे टेकतो ते कशासाठी? वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना सांभाळत आले आहे. परंतु बहुतेक रुग्ण घरीच असतात. तेथे कुरेनेकर शिमोन आळीतूनच यायला हवा. आठवड्यातून एक रात्र दोघांनी तिच्या जागी बसावे, कूस कशी बदलायची ते तिच्याकडूनच शिकावे आणि तिला शेजारच्या घरी निजू द्यावे. जपमाळ पहाटे म्हणता येईल.